मैलभर जाऊन थांबणारी गाडी

आमच्या डमडमच्या घराच्या मागच्या पडवीत बाबांनी माझ्यासाठी एक गाडी बनवली होती. गाडी हा शब्द आम्ही कौतुकानं वापरायचो. लोखंडी नळ्यांचा एक चौकोन, त्याला चार लहान चाकं, मधे लाकडी बैठक आणि बैठकीच्या मागे एका सिलिंडरचं पेट्रोलचं इंजिन. लढाई संपल्यावर परदेशी फौजा जे सामान मागे टाकून गेल्या, ते कलकत्त्यात पुढे कितीतरी वर्षं ढिगानं विकलं जात होतं. इंजिन त्या ढिगातलं. वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करणं हे त्याचं मूळ काम. चाकं विमानतळावर सामान ओढायच्या हातगाड्यांची. बसलं की आपण जमिनीपासून वीतभर उंचीवर असायचो आणि रस्त्यावरची कुत्री आपल्या डोळ्यांत डोळे घालून बघायची.

पायांना त्या गाडीत काही काम नव्हतं. वेग, ब्रेक, इंजिनाचा जोर चाकांना देणारा पट्टा ताणायचा दांडा, सगळं हाताशी. इंजिन सुरू करायची दोरीसुद्धा बसल्या जागी खांद्यामागून ओढता येत होती. चौथ्या वर्षी मला पोलिओ झाला होता. उजवा पाय गेला, डावा जेमतेम उरला. कुबड्या घेऊन मी घरात आणि वर्गात हिंडू शकत होतो, रस्त्यावर नाही. बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी बी. एस्सी. झालो, असं म्हटलं तर त्यात काही खोटं नाही. चार वर्षं रोज सकाळी ते मला कॉलेजच्या दारात सोडत आणि तिथून उलटे फिरून कारखान्यात जात. ते सरकारी कारखान्यात फोरमन होते.

मी बावीस वर्षांचा असताना एकाच पावसाळ्यात दोन कागद घरात आले. एक बाबांच्या बदलीचा. दिवाळीनंतर जबलपूरच्या कारखान्यात हजर व्हायचं. दुसरा माझा. जेसोर रोडच्या आत, फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या वस्त्यांमधे एक नवं कॉलेज निघालं होतं. तिथल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेतलं होतं. पूजेच्या लांब सुट्टीनंतर रुजू व्हायचं होतं. घरापासून कॉलेज अडीच मैल.

नोकरी मिळाली याचा आनंद मला फार झाला, पण तो दाखवायची सोय नव्हती. आई-बाबा जबलपूरला गेले तर अडीच मैल मला नेणार कोण? रिक्षा करता आली असती, असं आज कुणीही म्हणेल. आईही म्हणाली होती. बाबा म्हणाले, "रिक्षावाला आजारी पडला की याची नोकरी आजारी. आयुष्यभर दुसऱ्याच्या पायांवर नको." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. चार वर्षं ते दुसऱ्याचे पाय त्यांचेच होते.

जेवणाखाणाचा प्रश्न सुटला होता. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, तिला आम्ही माशीमा म्हणायचो. ती म्हणाली, दोन वेळचं मी बघते. राहिलं ते जाणं-येणं. त्यावर आईनं तिची अट घातली. "आठ दिवस सलग हा एकटा जाऊ दे आणि एकटा परत येऊ दे. कुणाचा हात न लागता. मग मी निघते तुमच्याबरोबर. नाहीतर यानं नोकरीला नाही म्हणावं आणि आपल्याबरोबर यावं."

आई एकदा बोलली की तो शब्द दगडावरची रेघ. म्हणून गाडी.

भाद्रपदात ती तयार झाली आणि पहिल्या दिवसापासून चालली. जेसोर रोडच्या दोन्ही अंगांना जुनी शिरीषाची झाडं, त्यांच्या सावलीत दरमाच्या, म्हणजे बांबूच्या चटईच्या, भिंतींची नवी घरं, आणि त्यामधून मी भटभट करत जायचो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी उचलून ठेवलेलं नव्हतं. चौकातल्या पोलिसानं एकदा अडवून नंबर विचारला. मग बैठकीला बांधलेल्या कुबड्या पाहिल्या आणि हातानंच 'जा' म्हणाला. मला कीव आवडत नाही, अजूनही आवडत नाही, पण त्या दिवशी मी ती चालवून घेतली. बाबा सायकलवरून मागे असायचे. आठ दिवसांची मोजणी आम्ही दसऱ्यानंतर सुरू करायचं ठरवलं होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाबांनी रिवाजाप्रमाणे सगळी हत्यारं काढून पुसली, त्यांना तेल लावलं आणि त्याच झपाट्यात गाडीचा कार्बुरेटरही उघडून धुतला आणि परत बसवला. नवमीला सकाळी आईनं पूजा मांडली. पाटावर पाने, पक्कड, हातोडी, कानशी आणि शेजारी गाडी. आमच्याकडे हळदकुंकू कोरडं वाहतात. पण त्या वर्षी आई बाबांच्या कारखान्यात विश्वकर्मापूजेला गेली होती. तिथल्या कामगारांनी यंत्रांना मोहरीच्या तेलात कालवलेला शेंदूर लावलेला तिनं पाहिला. तो महिनाभर हलत नाही, असंही कुणी तिला सांगितलं. गाडी हादरणार, कोरडं कुंकू पहिल्याच खड्ड्यात उडून जाणार, म्हणून तिनंही कुंकू मोहरीच्या तेलात कालवलं. आता गाडीला कपाळ कुठे असतं? तिला सगळ्यात उंच, गोल आणि पितळी असं पेट्रोलच्या टाकीचं झाकण दिसलं. त्याच्या मधोमध तिनं ठसठशीत कुंकू रेखलं, वर चार अक्षता चिकटवल्या आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. ती काय मागत होती ते मला आणि बाबांना, दोघांनाही कळत होतं.

दसऱ्याच्या दिवशी गाडी मैलभर गेली आणि बंद पडली.

तिथे एका तळ्याच्या काठाला चहाची टपरी होती. पूर्व बंगालमधून आलेला एक म्हातारा ती चालवायचा. त्यानं येऊन गाडी सावलीला ओढली. बाबांनी टाकीचं झाकण फिरवून आत बोट बुडवलं. पेट्रोल काठोकाठ होतं. झाकण लावलं, मी दोरी ओढली, गाडी सुरू. पुढे पुन्हा मैलभर गेली आणि पुन्हा बंद. झाकण उघडा, बघा, लावा, दोरी ओढा, सुरू. कॉलेजच्या फाटकापर्यंत दोनदा आणि परत येताना दोनदा. बाबा हसत म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आड भरलेला आणि पोहरा कोरडा." पहिल्या दिवशी ते हसले.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. त्यांची पद्धत ठरलेली होती. पडवीत वर्तमानपत्र पसरायचं, जो भाग निघेल तो निघाल्या क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलून झाल्यावर गाडी रस्त्यावर नेऊन बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कुणाचा ते कळत नाही, म्हणत. सुट्टीच्या दिवसांत रोज एक गोष्ट. एके दिवशी प्लग. एके दिवशी पेट्रोलची नळी काढून तोंडानं फुंकून पाहिली. टाकी आणि कार्बुरेटर यांच्यात पंप वगैरे काही नव्हता. टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल आपल्या वजनानं उतरायचं. मग जेट, म्हणजे कार्बुरेटरमधलं ते सुईच्या नेढ्याएवढं तोंड, जिथून पेट्रोलचा फवारा उडतो. जेट त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी काढून उजेडात धरून साफ केला. पेट्रोलमधेच कचरा असेल म्हणून ते आईच्या जुन्या मलमलीच्या फडक्यातून गाळून भरायला लागले. मग त्यांना वाटलं, कार्बुरेटर इंजिनला जिथे जोडला आहे तिथून हवा आत शिरत असेल. इंजिन पेट्रोल ओढतं ते आतल्या ओढीनं, आणि बाजूला फट असली की ती ओढ वाया जाते. सांध्यावर तेलाचे थेंब सोडून ते आत ओढले जातात का ते त्यांनी पाहिलं. नाही ओढले गेले. तरी जाड पुठ्ठा कातरून नवी पॅकिंग बसवली.

पॅकिंगच्या दिवशी गाडी न थांबता जवळजवळ कॉलेजपर्यंत गेली. बाबा सायकलवर मागून ओरडले, "जमलं!" घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, उद्यापासून मोज. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाकी काठोकाठ भरली, आणि गाडी मैलभर जाऊन थांबली. टपरीवाला म्हातारा चहाचं भांडं खाली ठेवून म्हणाला, "आबार?" पुन्हा? त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, पण मला ती ऐकू आली.

बाबांचं शेवटी मत झालं की दोष उष्णतेचा. गाडी थोडी थांबली की परत चालते, म्हणजे थंड झाल्यावर चालते, म्हणजे तापल्यावर नळीतल्या पेट्रोलची वाफ होत असणार. त्यांनी नळीला ओलं फडकं गुंडाळलं. फडकं वाळायच्या आत, त्याच मैलावर, गाडी थांबली.

दोन आठवडे होत आले होते. कालीपूजेचे मांडव उभे राहायला लागले होते. आईनं एक शब्द काढला नव्हता, पण घरातल्या ट्रंका एकेक करून पुसून ठेवायला लागली होती आणि त्यात माझी ट्रंकही होती. ती पाहिली तेव्हा माझा तोल गेला. बाबा पडवीत उकिडवे बसून चौथ्यांदा जेट काढायच्या तयारीत होते. मी म्हणालो, "तुमचा हात लागेपर्यंत चांगली चालत होती ती."

ते थांबले. मग म्हणाले, "हो. कार्बुरेटर मीच उघडला होता." पाना त्यांनी खाली ठेवला आणि तो कुठे ठेवला ते दोन मिनिटांनी शोधत बसले.

मी हे बोलायला नको होतं. पण एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात एक वाक्य होतं. मी चार वर्षांचा असताना खडकीला मला ताप आला तेव्हा बाबा कामासाठी परगावी होते. आईनं देवळातून अंगारा आणवला, माझ्या कपाळाला लावला आणि दोन दिवस वाट पाहिली. बाबा आले तेव्हा पाय लोंबत होता. ते तिला म्हणाले, "तुझ्या अंगाऱ्यानं पोराचा पाय घेतला." पुढे डॉक्टरांनीच सांगितलं की पहिल्या तासाला आला असतात तरी आम्ही काही करू शकलो नसतो. पण वाक्य सुटून गेलं होतं. बाबांनी ते पुन्हा कधी उच्चारलं नाही. उलट त्या दिवसापासून आईच्या देवधर्माबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, तिनं लावलेलं गंध, बांधलेला दोरा, ठेवलेलं फूल कधी आपल्या हातानं काढलं नाही. टाकीचं झाकणही ते दोन बोटांनी कडेला धरून उघडायचे, मधलं कुंकू पुसू नये म्हणून.

आणि बाबांना बारीक आवाज ऐकू येत नसत. घणांच्या दणदणाटात पंचवीस वर्षं काढलेली. घड्याळ चालू आहे की नाही ते कानाला लावून नाही, बोट टेकवून बघायचे.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी बाबांना बदलीआधी कामाचा चार्ज देण्यासाठी कारखान्यात जावं लागलं. मी आईला न विचारता गाडी बाहेर काढली. रागच होता. नेहमीची टपरी टाळावी म्हणून आतल्या रस्त्यानं गेलो. मैल झाला, गाडी आचके देत थांबली. दोन्हीकडे शेतं, बांबूचं बेट, दुपारची वेळ, माणूस नाही. झाकण नेहमी बाबा उघडायचे. त्या दिवशी मी बैठकीवरूनच मागे हात नेला आणि झाकण फिरवलं. टाकी माझ्या कानामागे वीतभर अंतरावर.

सुस्कारा ऐकू आला. लांब, बारीक, आत जाणारा.

मी झाकण परत लावलं. इंजिन सुरू करून पुन्हा थांबेपर्यंत चालवलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तोच आवाज. हवा आत जात होती, म्हणजे आत ती कमी पडली होती. प्रयोगशाळेत पोरांना शिकवणार होतो मी हे. बाटली उपडी धरली आणि हवा शिरायला वाट ठेवली नाही तर पाणी गळत नाही. टाकी हवाबंद झाली होती. पेट्रोल थोडं खाली उतरलं की वरच्या मोकळ्या जागेत ओढ तयार व्हायची, ती खालच्या पेट्रोलला धरून ठेवायची आणि इंजिन उपाशी मरायचं. आम्ही पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडायचो, हवा शिरायची, आणि आजार आपोआप बरा व्हायचा. पॅकिंगच्या दिवशी टाकी अर्धीच होती, आत हवा जास्त होती, म्हणून ती लांब गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो आमचा वळसा अडीच मैलांचा होता.

हवा आत जायची वाट झाकणातच असते. टाचणीएवढं भोक, मधोमध. मी झाकण उलटं करून उन्हात धरलं. भोकात लाल काहीतरी गच्च बसलं होतं. मोहरीच्या तेलात कालवलेलं कुंकू वाळून लाखेसारखं झालं होतं.

बाबांची पद्धत आठवली. एकच गोष्ट बदलायची. झाकण सैल ठेवून मी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो, एकदाही न थांबता. तिथे ते घट्ट केलं. मैलावर बंद पडली. आता शंका उरली नाही. शर्टाला सेफ्टी पिन होती, ती काढली आणि झाकणाच्या आतल्या बाजूनं भोकात घातली. बाहेरचं कुंकू मी पुसलं नाही. त्यात फक्त एक बारीक छिद्र पडलं. झाकण घट्ट लावून घरापर्यंत आलो. गाडी थांबली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पहिला अर्धा मैल. मग मला आईचा चेहरा दिसायला लागला. तिनं माझ्यासाठी देवाकडे मागणं घातलं आणि त्या कुंकवानंच गाडी अडवली, हे बाबांना सांगायचं. ते काही बोलले नसते, कदाचित. पण तिनं ऐकलंच असतं. अठरा वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांनी तोंड न उघडताही तिला ऐकू आलं असतं, आणि या खेपेला ते खरं असतं.

बाबा पडवीत उभे होते. आई दाराशी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. बाबांनी विचारलं, "कुठे थांबली?"

"येताना कुठेच नाही."

"काय केलंस?"

आई सूप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "जेटमधे कचरा होता."

"जेट मी तीनदा साफ केला."

"होता. अगदी बारीक. धाग्यासारखा."

बाबांनी हात पुढे करून स्वतःची बोटं पाहिली, वर-खाली करून, जसा काही तो धागा तिथे अडकलेला असावा. मग म्हणाले, "मलमलीचा असेल. गाळायला मलमल मीच घातली." थोड्या वेळानं, "कार्बुरेटर धुतला त्या दिवशीही फडक्यानंच पुसला होता मी." मला हे सुचलंही नव्हतं. मी घाईत एक खोटं बोललो आणि त्यांनी आपल्या हातानं त्याला हाडामांसाचं केलं.

त्याच क्षणी खरं सांगता आलं असतं. मी आईकडे पाहिलं आणि बैठकीला बांधलेल्या कुबड्या सोडायला लागलो.

दुसऱ्या दिवसापासून आईनं आठ दिवस मोजले. सकाळी जायचो, फाटकाला हात लावून परत यायचो. टपरीवाला लांबून हात वर करायचा. बाबा सायकल घेऊन मागे आले नाहीत. मी म्हटलं या, तर म्हणाले, "मी येऊन काय करणार?" गाडीचं तेलपाणी त्यांनी माझ्याकडे सोपवलं. चौथ्या दिवशी पट्टा सैल झाला, तेव्हा ते बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले आणि मी तो कसा ताणतो ते बघत राहिले. एरवी त्यांनी मला बाजूला सारून पाना हिसकावला असता. आठवा दिवस संपला तेव्हा आईनं माझी ट्रंक उचलून परत कॉटखाली सारली.

दिवाळीनंतर हावड्याला मी त्यांना पोचवायला गेलो. बाबांचं सामान मोजताना हत्यारांची पेटी त्यात नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "घरी तुझ्या कॉटशेजारी ठेवली आहे. तुला लागेल." मला वाटलं, आगगाडीत ओझं नको म्हणून. त्या पेटीला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, मलाही नाही. हे मला प्लॅटफॉर्मवर नाही, घरी परत आल्यावर उमगलं.

मी नोकरी केली. गाडीनं मला पाच वर्षं नेलं-आणलं, आणि एकट्यानं राहणारा माणूस काय काय शिकतो ते सगळं मी शिकलो. जबलपूरहून बाबांची पत्रं यायची. त्यात हवापाणी, आईची तब्येत आणि एखाद्या ओळीत असं काही: शेजाऱ्यांचा विहिरीवरचा पंप बंद पडला, मला बोलावलं होतं, गेलो नाही. घरचं घड्याळ दुकानात दुरुस्तीला दिलं. आयुष्यभर ज्या माणसानं घरच्या वस्तूत दुसऱ्या कुणाला स्क्रूसुद्धा घालू दिला नाही, त्यानं घड्याळ दुकानात दिलं होतं. ते वाचलं की मी त्या दिवशी उत्तर लिहीत नसे. दर वेळी ठरवायचो, पत्रात नको, समोर बसून सांगू.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जबलपूरला गेलो. संध्याकाळी कारखान्यातले दोन गृहस्थ भेटायला आले. बाबांनी त्यांच्याशी माझी ओळख करून दिली आणि लगेच गाडीची गोष्ट सुरू केली. इतकं रंगून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "दोन-तीन आठवडे मी डोकं फोडत होतो. मी, फोरमन! आणि यानं एका दुपारी, बसल्या जागी, एकट्यानं काढलं. केसाएवढा धागा हो. माझ्या नजरेतून तीनदा सुटलेला." गृहस्थ माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो.

आई चहा गाळत होती. मी भिंतीला टेकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "आई, तो धागा नव्हता. मी आज बाबांना सांगणार आहे."

तिनं गाळणं खाली ठेवलं नाही. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी मी ते झाकण पुसायला गेले होते. माझ्या कुंकवाला मधोमध भोक होतं. टाचणीनं पाडल्यासारखं. मी तिथेच खाली बसले."

"मग बोलली का नाहीस?"

"आगगाडीत त्यांच्याशी बोलणार होते मी. दोनदा तोंड उघडलं. तर तेच म्हणाले, आता मला त्याचा घोर नाही, माझ्या हातून सुटतं ते त्याला दिसतं. असं म्हणाले आणि झोपले. तुझा पाय गेल्यापासून इतके शांत झोपलेले मी त्यांना पाहिले नव्हते." तिनं कप ताटात मांडले. "त्यांनी हत्यारं सोडली, तेही मी बघते आहे रोज. दोष माझा आणि हात त्यांचे गेले. पण आता सांगू नकोस. आता ते त्या विश्वासावरच उभे आहेत."

बाहेरून बाबांनी हाक मारली. "अरे, ये ना! यांना सांग, तुला तो धागा कसा सापडला ते. माझ्यापेक्षा तू नीट सांगशील."

मी कुबड्या घेतल्या, बाहेर जाऊन बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि धागा कसा सापडला ते पहिल्यापासून सांगितलं.